लग्नातली ‘एक्स्प्रेसो’ आणि घरातली कॉफी

मैत्रिणींनो, लग्नसराईत आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या कुठल्याही मंगल कार्यालयात जा, जेवणाच्या मंडपाच्या एका कोपऱ्यातून ‘फुस्स... घुर्रर्र’ असा आवाज हमखास येतो. एक उभे चकचकीत पिंप, त्याला वाकडी नळी, नळीखाली दुधाचा मग धरून उभा असलेला पोऱ्या, आणि भोवती पोरासोरांची ही गर्दी! दुधात साखर आणि इन्स्टंट कॉफी आधीच घातलेली असते. वाफ सोडली की दूध फसफसून वर येते, वरून चिमूटभर कोको भुरभुरला की झाली ‘एक्स्प्रेसो’. वरपक्षाकडचे काका दोनदा घेतात आणि मावशी म्हणतात, “हौ, पण फेसच लय हाय बाई, कॉफी कुठं हाय त्यात?”

मावशींचे बरोबर आहे. ती कॉफी चवीला छानच लागते, मला स्वतःला आवडते, पण ती एस्प्रेसो नव्हे. ते वाफेने तापवलेले, फेसाळलेले दूध. नाव मात्र इटलीहून आलेले आहे आणि येताना वाटेत त्यात एक ‘क्स’ वाढला, इतकेच. इटालियन भाषेत ‘एस्प्रेसो’ म्हणजे दाबून काढलेली. शिवाय गिऱ्हाइकाने मागितली की तिथल्या तिथे, खास त्याच्यासाठी केलेली, असाही अर्थ त्यात आहे.

हे सगळे आज काढायचे कारण म्हणजे बल्लारपूरच्या एका भगिनीचे पत्र. घरी दिवाळीचा बोनस यायचा आहे. यजमानांनी जाहिरातीत साडेसहा हजारांचे ‘एस्प्रेसो यंत्र’ पाहिले आहे आणि त्यांचे मन त्यावर बसले आहे. हिचा मिक्सर आठ वर्षांचा झालाय, चटणी वाटताना धूर सोडतो. ती विचारते, “ताई, या यंत्रात असे काय असते? आणि ते नसले तर घरी तशी कॉफी होतच नाही का?” पत्रात मिक्सरचा उल्लेख तिने शेवटी, जाता जाता केला आहे. पण मला वाटते पत्र लिहिले ते त्याच्याचसाठी.

तर आधी, यंत्रात काय असते ते. कॉफीची पूड आणि गरम पाणी यांची गाठ घालून द्यायची आणि चोथा मागे ठेवून अर्क घ्यायचा, एवढीच कॉफी करण्याची मूळ गोष्ट. दक्षिणेकडच्या पितळी किंवा स्टीलच्या फिल्टरमध्ये पाणी आपल्या वजनाने थेंबथेंब खाली उतरते, म्हणून त्याला वेळ लागतो. एस्प्रेसोत तेच पाणी जोर लावून पुडीतून ढकलतात. पूड अगदी बारीक, साधारण ७ ग्रॅम, म्हणजे दोन लहान चमचे. ती एका छोट्या गाळणीत घट्ट दाबून बसवायची. नव्वद अंशांच्या आसपासचे पाणी सुमारे ९ बार दाबाने तिच्यातून पंचवीस-तीस सेकंदांत पार करायचे. खाली येते ती जेमतेम २५ ते ३० मिलिलिटर कॉफी. बाळाला औषध पाजायच्या टोपणाने मोजाल तर दोन-तीन टोपणे! दाट, काळीभोर, आणि वर सोनेरी तपकिरी साय. ही साय दुधाची नाही बरं का. कॉफी भाजताना तिच्या दाण्यात जो वायू कोंडून राहतो तो दाबामुळे अर्कात विरघळतो आणि कपात येताच बारीक बुडबुड्यांनी वर येतो, सोबत कॉफीचे तेलही असते. शिळ्या पुडीतला वायू उडून गेलेला असतो, म्हणून तिला ही साय धरत नाही.

आता ९ बार म्हणजे किती? तीन मजली इमारतीच्या गच्चीवर टाकी असेल तर तळमजल्याच्या नळाला साधारण १ बार दाब मिळतो. नऊ बारासाठी टाकी नव्वद मीटर उंच बांधावी लागेल. आपल्या प्रेशर कुकरमध्ये शिटी होते तेव्हा आत बाहेरच्यापेक्षा सुमारे १ बार जास्त दाब असतो आणि पाणी १२० अंशांच्या आसपास गेलेले असते. त्यामुळेच तर तूरडाळ पटकन शिजते. मग मनात येते की वाफच आणखी कोंडली तर? कोंडता येईल, पण वाफेने ९ बार दाब आणायचा तर पाणी पावणेदोनशे ते एकशेऐंशी अंशांपर्यंत न्यावे लागेल, आणि त्या पाण्याने कॉफी करपून कडूजहर होईल. दाब हवा, पण ताप नको, अशी ही अडचण.

ही अडचण सुटायला इटालियन लोकांनाही बराच काळ लागला. तुरिनच्या आंजेलो मोरिओंदो यांनी १८८४ साली वाफेच्या कॉफीयंत्राचे पेटंट घेतले. पुढे १९०१ मध्ये मिलानच्या लुईजी बेझेरा यांनी एकेक कप काढणारे यंत्र केले. ही दोन्ही वाफेचीच. आपल्या लग्नातले पिंप पाहिले की मला याच घराण्यातले दूरचे चुलते वाटतात. खरी सुटका केली आकिले गाज्जा यांनी. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७-४८ च्या सुमारास, त्यांच्या यंत्रात वाफेऐवजी स्प्रिंग आणि दांड्याने पाणी दाबले जाऊ लागले. म्हणजे ताप वेगळा आणि दाब वेगळा. ती सोनेरी सायही तेव्हापासूनची. १९६१ मध्ये विजेच्या पंपाचे यंत्र आले आणि दांडा ओढायचे श्रमही गेले.

एवढी गोष्ट सांगितली ती यासाठी, की बाजारात आज ‘एस्प्रेसो यंत्र’ या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात, आणि फसगत तिथेच होते. एकात पंप असतो. मागे किंवा बाजूला काढता-घालता येणारी पाण्याची टाकी असते आणि चालू केले की घरघर आवाज येतो. दुसऱ्यात पंप नसतोच. वर एक आट्यांचे जाड झाकण असते, ते फिरवून आतल्या लहानशा बंद भांड्यात मोजून चार कपांचे पाणी ओतायचे, ते उकळले की त्याच्याच वाफेने पाणी पुडीतून जाते. म्हणजे १९०१ सालचीच तऱ्हा! खोक्यावर बारीक अक्षरात साडेतीन किंवा ५ बार असे लिहिलेले आढळेल. दुकानात खोके उघडून टाकी आहे की आट्यांचे झाकण, एवढे पाहा. विक्रेता काय म्हणतो त्याकडे लक्ष देऊ नका. आणि पंपाच्या यंत्रावर मोठ्या अक्षरात ‘१५ बार’ लिहिलेले असते त्याने हुरळून जाऊ नका. ती पंपाची कमाल ताकद झाली, कॉफीला नऊच पुरतात.

बरे, पंपाचे यंत्र घेतले तरी तिथे खर्च थांबत नाही. त्याला फार बारीक आणि एकसारखी दळलेली, ताजी पूड लागते. आपल्या मिक्सरमध्ये ती होत नाही. काही पीठ होते, काही रवा राहतो, आणि पाणी रव्यातून वाट काढून पळून जाते. म्हणजे दळायचे यंत्र वेगळे. त्यात आपल्याकडचे बोअरचे पाणी! ज्या पाण्याने पातेल्याच्या बुडाशी पांढरा थर बसतो, तेच पाणी यंत्राच्या सुईएवढ्या नळ्यांतून जाणार. दर दोन-तीन महिन्यांनी लिंबूसत्त्वाचे पाणी फिरवून तो थर काढावा लागतो, नाहीतर यंत्र बंद पडते. (पाण्याचा विषय निघाला म्हणून सांगते. आपल्या जिल्ह्यातल्या काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आढळले आहे. ते उकळून जात नाही, उलट पाणी आटले की वाढते. अशा विहिरीचे पाणी चहा-कॉफीलाही नको.)

म्हणून बल्लारपूरच्या भगिनीला माझे उत्तर असे, की साडेसहा हजारांचे ते यंत्र बहुधा आट्यांच्या झाकणाचे निघेल. खात्री करून घ्या. तसे असेल तर घेऊ नका, मिक्सर घ्या. आणि यजमानांची हौस मोडू नका. त्यांना मोका पॉट आणून द्या, तो दीड-दोन हजारांत येतो.

मोका पॉट म्हणजे कमरेत बारीक अशी अष्टकोनी किटली. १९३३ साली आल्फोन्सो बियालेत्ती यांच्या इटलीतल्या कारखान्यातून ती निघाली आणि तिथल्या घराघरांत पोचली, जसा आपल्याकडे कुकर पोचला. खाली पाण्याचा डबा, मध्ये पुडीची जाळी, वर रिकामे भांडे. पाणी तापले की खालच्या डब्यातली वाफ पाण्याला नळीतून वर रेटते, ते पुडीतून जाऊन वरच्या भांड्यात कॉफी होऊन येते. दाब जेमतेम एक-दोन बारांचा. तेव्हा शास्त्र काढून बसले तर ही एस्प्रेसो नव्हे, आणि ती जाड साय तिच्यावर येणार नाही. पण दाट, काळी, दूध घातले तरी दबत नाही अशी कॉफी घरच्या गॅसवर पाच मिनिटांत होते.

करायची कशी ते नीट सांगते. खालच्या डब्याला आतून-बाहेरून दिसेल अशी एक पितळी गुंडी असते, ती सुरक्षा झडप. कुकरला असते तशीच. पाणी तिच्या खालपर्यंतच भरायचे, वर कधीच नाही. पाणी आधीच कोमट-गरम घेतले तर पूड उगाच भाजत बसत नाही, फक्त मग डबा फडक्याने धरून आवळावा लागतो. जाळीत पूड सपाट भरायची, बोटाने कडा साफ करायच्या, पण दाबायची मात्र नाही. एस्प्रेसोचे पाहून पुष्कळजणी इथे चमच्याने पूड ठासतात, मग पाणी वर जात नाही आणि खाली दाब वाढत राहतो. पूड बोटांना बारीक रव्यापेक्षा थोडी मऊ लागावी, मैद्यासारखी नको. भांडे घट्ट आवळून सर्वांत लहान बर्नरवर मंद आचेवर ठेवा. शेगडीच्या चार काट्यांवर ते नीट बसत नाही, कलंडते, तेव्हा पापड भाजायची जाळी खाली घ्या. झाकण उघडे ठेवून पाहत राहा. आधी काळी धार येते, मग ती मधाच्या रंगाची होते आणि ‘खुळखुळ’ आवाज सुरू होतो. त्याच क्षणी गॅस बंद. तो आवाज सुरू झाल्यावरही ठेवलेत तर नुसती वाफ जाते आणि कडवटपणा उतरतो. ॲल्युमिनियमचे भांडे असेल तर इंडक्शनवर चालत नाही, आणि चिंच-लिंबाने किंवा काथ्याने घासायचे नाही. साध्या पाण्याने विसळून, सुटे भाग वेगळे करून वाळवा. रबराची कडी कुकरच्या गास्केटसारखीच वर्ष-दोन वर्षांनी कडक होते, ती बदला.

आणखी एक, जरा कडक शब्दांत. आट्यांचे झाकण असलेले यंत्र ज्यांच्याकडे आधीच असेल त्यांनी कॉफी झाली म्हणून लगेच झाकण फिरवू नये. वाफेची नळी उघडून सगळी वाफ जाऊ द्या, फुसफुस पूर्ण थांबली की दहा मिनिटांनी हात लावा. मोका पॉटही गरम असताना उघडायचा नाही. आणि कुकरच्या शिटीच्या जागी नळी बसवून दूध फेसाळायची जी जोडणी मिळते, ती दुकानदाराने फुकट दिली तरी घरात आणू नका. कुकरची शिटी दाब सोडण्यासाठी आहे. तिच्या जागी दुसरे काही बसवणे म्हणजे भाजण्याला आमंत्रण.

आता पूड कुठली? आपल्या किराणा दुकानात ‘फिल्टर कॉफी’ म्हणून जी मिळते तिच्यात बहुतेक वेळा चिकोरी असते. चिकोरी म्हणजे एका झुडपाचे मूळ, भाजून दळलेले. ती भेसळ नाही, कायद्याने चालते, पण कॉफी निदान ५१ टक्के असलीच पाहिजे आणि चिकोरी किती ते पाकिटावर छापले पाहिजे. वाचून घ्या. दुधाच्या कॉफीला वीस-तीस टक्के चिकोरी मला तरी बरी वाटते, रंग येतो. मोका पॉटला मात्र बिनचिकोरीची घ्या. इन्स्टंट कॉफी तर या कुठल्याच भांड्यात घालू नका. ती आधीच काढून वाळवलेली कॉफी असते, पाणी लागताच विरघळून जाते. तिची जागा पेल्यात. दोन चमचे इन्स्टंट कॉफी, दोन चमचे साखर आणि चमचाभर पाणी घेऊन हात भरून येईपर्यंत फेटले की पांढरट फेस होतो. आपण वर्षानुवर्षे करत आलो, आणि २०२० च्या टाळेबंदीत जगभर त्याचेच ‘दालगोना’ म्हणून कौतुक झाले!

गंमत म्हणजे इटलीच्या एस्प्रेसोत आपलाच दाणा पुष्कळ असतो. भारताची कॉफी सगळ्यांत जास्त इटलीच विकत घेते. आपल्याकडे पिकते त्यात मोठा वाटा रोबस्टा जातीचा, आणि दाटपणा व साय यांसाठी इटलीत तोच मिसळतात. तो कडू असतो आणि त्यात कॅफिन अरेबिकाच्या सुमारे दुप्पट असते. महाराष्ट्रात म्हणाल तर कॉफीचे नाव निघते ते चिखलदऱ्याचे, आपल्याच विदर्भातले. तिथल्या उंचीमुळे इंग्रजांच्या काळात लावलेली झाडे तग धरून राहिली. आपल्या पूर्वेला आंध्रच्या अराकू खोऱ्यात आणि ओडिशाच्या कोरापुटात आदिवासी शेतकरी मोठ्या झाडांच्या सावलीत कॉफी पिकवतात. अराकूच्या अरेबिकाला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. अगदी बस्तरात, दरभ्याकडे, लागवड झाली आहे. गडचिरोलीच्या जंगलाला लागून असलेला मुलूख आहे तो.

जंगलावरून एक महत्त्वाची सूचना. आपल्याकडे पावसाळ्यात तरोट्याची भाजी आपण सगळ्याच करतो, आणि त्याचे बी गोळा करून विकतात. ते भाजून कॉफीऐवजी वापरतात हे खरे. पण तरोट्याचाच एक भाऊबंद आहे कासविंदा. त्याच्याही बियांची ‘कॉफी’ करतात असे कोणी ना कोणी सांगते. कासविंद्याच्या कच्च्या बिया मुलांनी खाल्ल्यामुळे यकृत आणि मेंदूचा जीवघेणा आजार होतो, हे पश्चिम उत्तर प्रदेशातल्या डॉक्टरांनी दाखवून दिले आहे. २०१६ मध्ये ओडिशाच्या मलकानगिरीत मुले दगावली तेव्हाही याच झाडाकडे बोट गेले. तरोट्याची पाने गोलसर, बहुधा तीन जोड्यांची, शेंग काडीसारखी बारीक. कासविंद्याची पाने टोकदार, जोड्या जास्त, शेंग चपटी आणि कडेने फिकट. ओळखू येत नसेल तर घरात भाजायच्या भानगडीत पडू नका, आणि अंगणाकडेला कासविंदा असेल तर शेंगा धरण्याआधी उपटून टाका.

प्रकृतीचे म्हणाल तर कॉफी वाईट नाही, वेळ वाईट असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराच्या सूचना दिल्या, त्यात दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफिन नको असे म्हटले आहे. फिल्टरच्या दीडशे मिलिलिटर कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम असते, इन्स्टंटमध्ये ५० ते ६५, चहात ३० ते ६५. गरोदर बाईला सहसा २०० च्या आतच राहायला सांगतात. त्याच सूचनांत आणखी एक गोष्ट आहे, जी मला जास्त मोलाची वाटते. जेवणाआधी आणि जेवणानंतर एक तास चहा-कॉफी घेऊ नका, कारण त्यातल्या द्रव्यांमुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या आरोग्य पाहणीत निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी निघाले. आपण काय करतो? सगळ्यांची पाने वाढून, शेवटी जे उरेल ते उभ्याउभ्या खातो आणि त्यावर लगेच कपभर कडक चहा किंवा कॉफी घेतो, ‘आता जरा बरे वाटले’ म्हणून. लोहाची गोळीही त्याच घोटाबरोबर! गोळी पाण्याबरोबर किंवा लिंबू सरबताबरोबर घ्या, कॉफी दुपारी चारला. सासूबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या तर हा अंक त्यांच्यापुढे ठेवा.

मी स्वतः रोज कशात करते, असे शाळेतल्या बाई विचारतात. फिल्टरमध्ये. बल्लारपूरच्या गिरणीत आणि कोळशाच्या खाणीत नोकरीला आलेल्या दक्षिणेकडच्या कुटुंबांमुळे स्टीलचा फिल्टर आपल्या भागात पुष्कळांच्या ओळखीचा आहे. वरच्या डब्यात तीन मोठे चमचे पूड, वर हलकी दाबायची चकती, उकळी मोडलेले पाणी, झाकण, आणि वीस मिनिटे विसर. रात्री लावून ठेवले तर सकाळी शाळेच्या घाईत दूध तापवायचाच अवकाश. चार-पाच माणसांच्या दुधाच्या कॉफीला याहून सोयीचे काही नाही, आणि मोडण्यासारखे त्यात काहीच नाही. मोका पॉट ज्यांना काळी, कडक लागते त्यांच्यासाठी. पंपाचे यंत्र घरातली दोन माणसे रोज दोनदा काळी कॉफी पीत असतील तर घ्या, एरवी ते माळ्यावर जाते. जायफळ-वेलदोड्याची आपली मराठी कॉफी मात्र पातेल्यातच करा. जायफळ दुधाला सोबत करते, काळ्या अर्कात ते औषधासारखे लागते.

पूड एका वेळी शंभर-दोनशे ग्रॅमच आणा. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या वर गेला की गॅसशेजारच्या फळीवरच्या डब्यात तिचा वास पंधरवडाही टिकत नाही, आणि पावसाळ्यात ती गोळा होते. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, अंधाऱ्या, थंड जागी. त्या उन्हाळ्यात गरम कॉफी नकोशी होते, तेव्हा मोका पॉटमधला किंवा फिल्टरमधला दाट अर्क गार करून बर्फाच्या साच्यात ओता. दुपारी ग्लासभर गार दुधात साखर विरघळवून त्यात चार खडे टाकले की खडा जसा विरघळतो तशी कॉफी दाट होत जाते, पाणचट होत नाही. मुलांसाठी मात्र खडा एकच, आणि तोही दुपारी तीनच्या आत, नाहीतर रात्री बारापर्यंत तुमच्या उशाशी बसून ती गोष्टी मागतील.